मागून हाक

कस्तुराबाईनं बाभळीचे दोन्ही ठोकळे मांडीवर घेऊन धुतले, न्हाणीत नातवंडं धुवावीत तसे. तिच्या नवऱ्यानं, किशनरावांनी, मोडलेल्या बैलगाडीच्या लाकडातून ते स्वतः तासले होते, एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला निमुळते. क्रेन उतारावर उभी केली की मागच्या चाकांखाली हे ठोकळे सारायचे, नाहीतर वर ओढायच्या ओझ्यापाठोपाठ क्रेनच खाली घसरते, एवढं हरिओमनं आईला समजावलं होतं. सबंध क्रेनमध्ये तिला कळणारी एवढीच गोष्ट होती. बाकी सगळं लोखंड होतं, हूक, साखळ्या, तारेचा जाड दोर. हे मात्र लाकूड होतं, आणि या लाकडाच्या गाडीत बसून ती या घरात नांदायला आली होती.

तिनं ठोकळ्यांना हळद लावली, कुंकवाची बोटं ओढली आणि दसऱ्याला औतं पुजतात तसे तुळशीपाशी पाटावर मांडले. ओठांत आपोआप ओवी आली.

दोन माझे बाई लेक, जशी बैलांची गं जोडी
कुणी मधी उभं ऱ्हालं, जुवाची गं खीळ काढी

खीळ कुणी काढली हे तिला ठाऊक होतं. शेताच्या रस्त्याकडच्या पट्टीनं. मिसरूड फुटल्यापासून बजरंग ती पट्टी कसत होता. चाकणला परक्याच्या क्रेनवर जवानी घालवून धाकटा हरिओम बायको-लेकरासह घरी आला आणि म्हणाला, हायवेला लागून क्रेन उभी करायला जागा पाहिजे. किशनरावांनी थोरल्याला न विचारता पट्टी धाकट्याला देऊन टाकली. तेव्हापासून एका अंगणात दोन चुली होत्या. भाऊ एकमेकांशी लेकरांच्या तोंडून बोलत.

आज मात्र अंगण भरलं होतं. जुन्या ट्रकवर बसवलेली, पिवळ्या रंगाची क्रेन दारात उभी होती. तिच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कस्तुरामाय क्रेन, मानवत. खाली फोन नंबर.

"हरी," येलदरीहून आलेली सुलाबाई, किशनरावांची धाकटी बहीण, चाकाला हळद लावता लावता म्हणाली, "लय मोठं जनावर आणलंस बाबा. दूध किती देतंय?"

"आत्या, ही दूध न्हाई देत. डिझेल पिती."

"मंग भाकडच की रं!"

बाया पदराआड हसल्या. हरिओमही हसला, पण त्याची नजर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाखाली गेली. तिकडं बजरंग सगळ्यांकडं पाठ करून फवारणीचा पंप खोलून बसला होता. पंप बिघडलेला नव्हता.

कस्तुराबाई वाटीत शिरा घेऊन लिंबाखाली गेली.

"खा."

"ठेव तितं."

"दोन पावलं चालून भावाच्या गाडीला हात लावला तर हात झडंल का तुजा?"

बजरंगनं वायसर फुंकला. "माय, मला एक सांग. शेतकरी पावसाला हात जोडतो. दुकानदार गिऱ्हाइकाला. तुमी आज कशाला हात जोडायलाव? लोकाच्या गाड्या खड्ड्यात पडाव्यात म्हणून?"

"डाक्टर बी दवाखाना पुजतोच की. म्हणून काय तो लोकाला ताप यावा म्हणतो?"

बजरंगला हसू आलं. ते लपवायला त्यानं मान खाली घातली, पण आईनं ते पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"आन् त्याच्यावर नाव तुजं टाकलंय," तो पुटपुटला. "मोडक्या गाड्या ओढायला मायचं नाव."

"मपलं नाव आजवर कोणत्या कामाला आलं व्हतं रं? येऊ दे की एकदा."

*

नारळ फुटला आणि त्याच्या पाठोपाठ फोन वाजला.

फोन राजनंदिनीनं उचलला. हरिओमची बायको, सेलूची, बी.ए. झालेली. गावोगावच्या ग्रुपवर नंबर टाकणं, पंक्चरवाल्यांकडं चिठ्ठ्या चिकटवणं, सगळं तिनं केलं होतं. बोलता बोलता तिनं हवेत हात हलवून सगळ्यांना गप्प केलं.

"कालव्याच्या पुलाजवळ. पिकअप कालव्यात उतरलाय, कापूस भरलेला. ड्रायव्हर बाहेर निघाला, त्याला काही लागलं न्हाई. लवकर या म्हणतोय, पाणी वाढायलंय."

"बघा!" किशनराव उभे राहिले. "नारळाचं पाणी सुकलं न्हाई अजून, आन् बोहणी दारात. ह्याला म्हणतात पायगुण."

हरिओम हाताचं कुंकू पुसत होता. "मपला माणूस सोमवारपासून येणार हाय. खाली उभं राहून खुणा करायला कुणी तरी लागंल. जाऊ द्या, मी एकटा जातो."

'मी एकटा जातो.' लिंबाखाली बजरंगच्या हातातला वायसर थांबला. लहानपणी ओढ्याला पाणी आलं की हऱ्या हेच म्हणायचा, आणि मधोमध जाऊन रडायला लागायचा. मग बजरंगनं चड्डी वर खोचून पाण्यात उतरायचं, त्याला खांद्यावर घ्यायचं, आणि त्यानं कानाला धरून लोंबकळायचं. त्या पकडीनं कान अजून दुखतो की काय असं वाटून बजरंगनं कानाला हात लावला. मग पंप तसाच खोललेला सोडून तो उठला, लाल दस्ती, कामाचा रुमाल, झटकून खांद्यावर टाकली आणि अंगण ओलांडून क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसला.

सगळे बघत राहिले.

"कायला बघायलाव?" बजरंग खिडकीतून म्हणाला. "आजच्या दिवस. रोज न्हाई."

त्याची बायको रेणुका आपल्या चुलीपाशी उभी होती. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "काल तर म्हणले, त्या लोखंडाला शिवणार बी न्हाई." पण राजनंदिनीनं तिच्याकडं पाहिलं आणि दोघी जावा एकदमच हसल्या. हळदीकुंकवाला सुद्धा एकमेकींकडं न जाणाऱ्या बायका. तेवढ्या एका हसण्यात अंगणातली भिंत कमरेइतकी खाली आली.

चाकांखालची लिंबं चिरडली. क्रेन हलली. केबिनच्या मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक टोपीचं आणि एक बोडकं, आणि बोडकं टोपीकडं वळून काही तरी सांगत होतं. कस्तुराबाईनं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. एवढं सुख एका सकाळी सोसवत नाही, म्हणून ती तुळशीकडं वळली.

पाटावर दोन्ही ठोकळे होते. हळद अजून ओली होती.

*

ती दारापर्यंत धावली. क्रेन तेव्हा पट्टीतून वळून रस्त्यावर चढत होती, बैलासारखी संथ. हाक ऐकू गेली असती. कस्तुराबाईनं तोंड उघडलंही.

दारात सुलाबाई उभी होती.

सुलाबाईनं नुसतं पाहिलं. आणि कस्तुराबाईच्या घशात आलेलं लेकाचं नाव तिथंच थांबलं.

याच दारातून सुलाबाईचा नवरा सटवाजी येलदरीला परत निघाला होता. तेव्हा कस्तुराबाई भाकरीचं गठुडं घेऊन त्याच्या मागं धावली होती. "अहो, भाकर राहिली!" तो वळला, हसला, गठुडं घेऊन गेला. त्याच सांजेला धरणाच्या पाण्यात त्याची होडी उलटली. सुलाबाईनं वहिनीला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून ती या घरात भाकरीला हात लावत नाही. भातावर भागवते. कुणी कारण विचारलं तर म्हणते, दात दुखतात.

रस्त्यावर क्रेननं वेग घेतला. तिच्या पाठीवर बांधलेला झेंडूचा हार हलताना दिसला, मग तोही दिसेना.

"मामी, काय झालं?" सासूला विचारत राजनंदिनी मागून आली. तिची नजर तुळशीकडं गेली. "अगं बाई! ठोकळे! थांबा, फोन करते."

"फोन?" सुलाबाई म्हणाली. "फोन म्हंजी काय गं? हाकच न्हवं का ती? मागूनच जाती की."

"आत्या, फोनला कुठलं पुढं आन् मागं?"

"माणूस पुढं गेला आन् तू मागून बोलवायलीस. मंग तोंडानं बोलव न्हाईतर तारंनं."

"उतारावर लागतेत ओ ते! हे रोज सांगायचे मला—"

कस्तुराबाईनं सुनेचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे, नंदे. पहिली फेरी हाय. दोघं भाऊ संगं गेलेत. आजच्या दिवस माजं ऐक. त्याच्या ध्यानात येईलच. न्हाई आलं तर दगडधोंडा लावंल काही तरी. चाकणला इतकी वर्षं काढलीत त्यानं."

राजनंदिनीनं सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. या घरात आल्यापासून सासूनं तिला कधी 'नंदे' म्हटलं नव्हतं. तिनं फोन खाली केला. मग स्वयंपाकघराच्या आडोशाला जाऊन, कुणाला न दिसता, नवऱ्याला मेसेज टाकला: 'ठोकळे तुळशीपाशीच राहिलेत.' मेसेज म्हणजे काही हाक नव्हे, तिनं मनाला सांगितलं. त्याला आवाज नसतो.

मेसेजखाली आधी एकच करडी खूण राहिली, बऱ्याच वेळानं दुसरी उमटली. त्या निळ्या होण्याची वाट बघत ती पुऱ्या लाटत राहिली.

*

कालव्याचा काठ मुरमाचा होता. पिकअप नाकावर पाण्यात गेला होता, आणि फुटलेल्या ताडपत्रीतून सुटलेला कापूस पाण्यावरून पसरत चालला होता. सबंध कालव्यात पांढरं. जणू कुणी वरून पिंजून टाकला होता.

हरिओमनं क्रेनची पाठ कालव्याकडं केली, खाली उतरला आणि मागच्या खणात हात घातला. खण रिकामा होता.

"काय झालं?" बजरंगनं विचारलं.

"ठोकळे. मायनं पुजायला काढले व्हते." हरिओमनं कपाळाला हात लावला. "दादा, माघारी जाऊन यावं लागंल."

"पहिल्याच फेरीला गाडी मोकळी माघारी न्यायची? लिंबू चिरडून निघालोत आपण, हऱ्या. घरी माणसं जेवायची थांबलीत. लोक काय म्हणतील, किशनरावाची क्रेन गेली आन् भिऊन आली? दगड लावतो मी. बैलगाडी चढाला कधी उभी केली न्हाई का आपण?"

हरिओमला माहीत होतं. चाकणला त्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं तेच होतं. पण दादा आज बोलत होता. त्याच्याशी, तोंडानं, सरळ. 'न्हाई' म्हटलं आणि दादा पुन्हा लिंबाखाली जाऊन बसला तर?

"बरं," तो म्हणाला. "पण चाकाच्या मागं उभा ऱ्हाऊ नको. बाजूनं ऱ्हा. दस्ती वर केलीस की मी उचलणार, आडवी हलवलीस की थांबणार."

"कळलं रे मास्तर."

पिकअपचा ड्रायव्हर ओल्या कपड्यांत काठावर उकिडवा बसला होता. तो सारखा म्हणत होता, "कापूस भिजला, मालक काय म्हणंल, कापूस भिजला." त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

केबिनमध्ये फोन एकदा थरथरला. इंजिनच्या आवाजात तो हरिओमला कळला नाही.

आरशात लाल दस्ती वर झाली. दोर ताणला. पिकअपचं नाक पाण्याबाहेर आलं, ताडपत्रीतून पाण्याचे लोट गळू लागले. दस्ती वर. अजून वर. बजरंगचा चेहराही आरशात दिसत होता, आणि हरिओमनं पाहिलं की दादा हसतोय. जत्रेत पाळणा वर जाताना हसायचा तसा. भिजून दुपटीनं जड झालेला कापूस आता काठावर टेकत होता. क्रेनच्या अंगातून एक हिसका गेला. दादानं खाली पाहिलं. चाकाखालचा दगड मुरमाचा होता, तो फुटत होता, आणि बजरंगनं दुसरा दगड उचलला आणि बैलगाडीच्या सवयीनं, सरळ चाकाच्या मागं जाऊन वाकला.

हरिओमनं ओरडून ब्रेकवर पाय रोवला. क्रेन खाली सरकली.

आरशात दस्ती दिसेना.

*

दवाखान्यातल्या चिरफाडीनंतर बजरंग दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला. क्रेन पोलीस ठाण्याच्या आवारात होती. अंगणातला मांडव कुणी काढला नव्हता, तेव्हा त्याच मांडवाखाली त्याला ठेवलं. तुळशीपाशी पाट तसाच होता. गर्दीत तो कुणाला दिसत नव्हता. कस्तुराबाईला दिसत होता.

हरिओम खांबाला टेकून उभा होता. अंगावर कालचाच सदरा, बाही मुरमानं माखलेली.

"दोन लाकडं," किशनराव म्हणाले. ते कुणाकडं बघून बोलत नव्हते. "मी माझ्या हातानं तासून दिली. दोन लाकडं ध्यानात ठेवणं झालं न्हाई तुला? मोठा धंदा करायला निघाला व्हतास."

"व्हय आबा," हरिओम म्हणाला.

"व्हय काय? कुठं ठेवली व्हती?"

"मीच इसरलो."

राजनंदिनीनं मान वर केली. दवाखान्याच्या पायरीवर त्यानं फोन उघडला होता, तेव्हा ती शेजारीच होती. तिनं पाठवलेल्या ओळीखालच्या दोन खुणा तिच्या डोळ्यांदेखत निळ्या झाल्या. त्यानं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि मग अंगठ्यानं पुसून टाकली. आताही त्यानं त्या ओळीचं नाव काढलं नाही.

रेणुकाचा आवाज फाटला होता. "भावजी, ते नको म्हणत व्हते. सगळ्या गावाला ठाऊक हाय, ते नको म्हणत व्हते. पट्टी बी घेतली तुमी, आन् माणूस बी घेतला."

कालच्या हसण्यानं उतरलेली भिंत आता आभाळाला भिडली होती. राजनंदिनी जावेजवळ बसायला गेली तर रेणुकानं तिचा हात झिडकारला. मग ती एकटीच चुलीपाशी जाऊन बसली. आलेल्या बायकांनी तिच्याकडं पाठ केली. हरिओमची बायको. क्रेनवाल्याची.

कस्तुराबाई लेकाच्या उशाशी होती. काल दुपारपासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. लोक म्हणत, म्हातारी दगड झाली. तिच्या कानावर सगळं पडत होतं. 'मीच इसरलो' हे तिनं ऐकलं, आणि जे लेकरू लहानपणी फुटलेल्या तांब्याचाही आळ अंगावर घेत नसे, ते आज हा आळ घेऊन खांबाशी उभं आहे, हे तिला कळलं. तिनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. घशात ते नाव कालपासून अडकलं होतं, धड गिळवत नव्हतं आणि बाहेरही येत नव्हतं.

बजरंगला लेकीच होत्या. तेव्हा विस्तवाचं मडकं हरिओमच्या हाती दिलं.

"मागं बघू नको," कुणीतरी त्याला बजावलं. "मडकं धरलेल्यानं मागं बघायचं नसतं."

"उचला," किशनराव म्हणाले.

हा शब्द ऐकून हरिओमची नजर लाल दस्ती शोधत वर गेली.

तिरडी उठली. बायांचा आकांत उठला. दारातून, पट्टीवरून, चिरडलेल्या लिंबांच्या वाळत चाललेल्या सालींवरून माणसं रस्त्याकडं निघाली. काल क्रेन जिथं वळली होती तिथंच ती वळू लागली. संथ.

कस्तुराबाई उठली. तिला कुणी धरलं नाही, कारण ती उठेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती दारापर्यंत धावली. दारात सुलाबाई होती, कालच्याच जागी. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग सुलाबाईनं वहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि दारातून बाजूला झाली.

"मार, वैनी," ती म्हणाली. "मार हाक."

"बजरंगाऽऽ!"

रस्त्यावरची माणसं थबकली.

"बजरंगाऽऽ! थांब रे बाबा! ठोकळे राहिले! ठोकळे राहिले रे, बजरंगाऽऽ!"

हरिओमनं मागं वळून पाहिलं.

आकांत थांबला. बायांच्या नजरा म्हातारीवरून तुळशीकडं गेल्या, पाटाकडं, हळद सुकून पिवळट पडलेल्या त्या दोन लाकडांकडं. रेणुका जमिनीवरून उठली. केस सुटलेले, कपाळ पुसलेलं. ती सासूसमोर येऊन उभी राहिली आणि अगदी हळू, लेकराला विचारावं तसं तिनं विचारलं,

"मामी, कवा बघितले तुमी ते?"

कस्तुराबाईनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"गाडी दारातच व्हती," ती म्हणाली.